सणाच्या ताटातील बटाटा : गृहिणीची परीक्षा आणि शेतकऱ्याचे काम

गुढीपाडव्याच्या सकाळी श्रीखंड-पुरीच्या ताटात बटाट्याची पिवळी भाजी नसेल, तर पुष्कळ घरांत ते ताट अपुरे मानले जाते. पाहुणे यावयाचे असतात, चूल पेटलेली असते आणि बटाटे उकडून परातीत काढलेले असतात. गृहिणी ते कुस्करावयास घेते, तो एक बटाटा हाताखाली भुसभुशीत होऊन मोकळा होतो आणि त्याच पोत्यातील दुसरा चिकट गोळा होऊन बसतो. हाताला दोष दिला जातो, पाण्याला दिला जातो, क्वचित सुनेलाही दिला जातो. खरे पाहता या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्वयंपाकघरात असते आणि उरलेले अर्धे शेतात. ही दोन उत्तरे एकत्र आणणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सणागणिक वेगळे ताट

बटाटा हा मूळचा आपल्या देशातील नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर त्याची लागवड प्रथम झाली. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला व त्यांच्याच भाषेतील नाव मराठीत रूढ झाले. असा हा परका कंद आज आपल्या सणावारांत पूर्णपणे मिसळून गेला आहे.

दसरा-पाडव्याला पुरीबरोबर हळद, मोहरी व कढीलिंबाची फोडणी दिलेली सुकी भाजी असते. पोळ्याला वा होळीला पुरणपोळी आणि कटाची आमटी यांच्या जोडीस तीच भाजी येते. गौरी-गणपतीच्या नैवेद्यात कांदा-लसूण ज्या घरी चालत नाही, तेथे बटाटाच ताटाची भर करतो. आषाढी एकादशी व महाशिवरात्र या दिवशी हळद-मोहरी बाजूला ठेवून तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट एवढ्यावर भाजी होते. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात पापड, चकल्या व कीस यांची वाळवणे पडतात, ती पुढील उपवासांच्या बेगमीसाठी.

या प्रत्येक पदार्थाला बटाट्याकडून निराळे काही हवे असते. भाजीत फोड आपला आकार राखणारी हवी. वड्याचे सारण मोकळे हवे. पापड व उपवासाचे थालीपीठ यांस मात्र चिकटपणा लागतो, कारण तेथे बटाट्यानेच पीठ बांधून धरावयाचे असते. म्हणून एका कामाला वाईट ठरलेला बटाटा दुसऱ्या कामाला उत्तम ठरतो, हे अनुभवी गृहिणी जाणते.

कुस्करण्याच्या रीती

चार गृहिणी एकत्र बसल्या की प्रत्येकीची रीत निराळी निघते. कोणी वाटीच्या बुडाने दाबते, कोणी पळीच्या पाठीने, कोणी हातानेच फोडते. वड्यासाठी थोडे खडे राहिलेले बरे, असे एकीचे मत असते. थालीपिठासाठी बटाटा पूर्ण निवल्यावर किसणीवर किसावा, असे दुसरी सांगते. पापडाच्या लाट्यांसाठी बटाटा गरम असतानाच पुरणयंत्रातून काढणारी तिसरी असते. तिच्या पिठात एकही गुठळी सापडत नाही.

या सर्व रीतींमागे एकच नियम आहे. बटाट्यात सुमारे चार भाग पाणी व एक भाग घन पदार्थ असतो. त्या घन भागात मुख्यतः पिष्ट असते आणि ते बारीक पेशींत बंद असते. उकडल्यावर पेशींना जोडणारे बंध सैल पडतात. गरम असताना हलक्या दाबाने पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण फुटत नाहीत. असा लगदा मोकळा व हलका असतो. फार वेळ मळल्यास किंवा विजेच्या यंत्रात फिरवल्यास पेशी फाटून पिष्ट बाहेर येते व खळीसारखा गोळा होतो. पुरणयंत्र बटाट्याला घुसळत नाही, केवळ दाबून बाहेर काढते. म्हणूनच ते या कामी श्रेष्ठ ठरते.

उकडतानाही काही गोष्टी सांभाळाव्या :

(१) सारख्या आकाराचे बटाटे निवडावे, म्हणजे लहान फुटून मोठे कच्चे राहणार नाहीत.

(२) बटाटे सालासकट, थंड पाण्यात घालून चुलीवर चढवावे. उकळत्या पाण्यात टाकल्यास बाहेरचा भाग गळून जातो व गाभा कच्चा राहतो. साल ठेवल्याने जीवनसत्त्वेही कमी वाया जातात.

(३) शिजताच पाणी काढून टाकावे व भांडे क्षणभर मंद आचेवर ठेवून ओल उडवावी. पाण्यात पडून राहिलेला बटाटा पाणचट होतो.

(४) लिंबू, चिंच, आमसूल किंवा टोमॅटो बटाटा मऊ झाल्यावरच घालावे. आंबट आधी पडल्यास फोडी कितीही वेळ शिजवल्या तरी घट्ट राहतात.

दूरदेशीची तीच चिंता

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी पिकाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारा सण पाळतात. त्या दिवशीच्या भोजनात टर्की पक्ष्याच्या मांसाबरोबर कुस्करलेल्या बटाट्याचे मोठे भांडे जवळजवळ प्रत्येक घरी असते. सणापूर्वी तेथील गृहिणी एकमेकींना विचारतात तेही हेच : बटाटा कोणता घ्यावा, लोणी आधी घालावे की दूध, आणि गोळा चिकट का झाला ? तेथील अनुभवी बायका पिठूळ जातीचा बटाटा निवडतात, तो गरम असतानाच कुस्करतात, आणि लोणी व गरम दूध घालून हलक्या हाताने कालवतात. आपल्याकडील पुरणयंत्राच्याच जातीचे दाबयंत्र त्यांच्याही घरी असते.

गोव्यात नाताळच्या मेजवानीत खिमा भरलेले बटाट्याचे चॉप करतात. त्याचे वरचे आवरण बटाट्याच्या लगद्याचे असते. तो लगदा ओला राहिला, तर चॉप तेलात फुटतो. देश, धर्म व मसाला वेगळा असला, तरी कंदाचा स्वभाव एकच आहे.

मिठाच्या पाण्याची परीक्षा

बटाटा पिठूळ आहे की चिकट, हे चिरल्याशिवाय पाहण्याची एक सोपी रीत आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवावे व त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्याने तळाशी जातो. चिकट बटाटा तरंगतो. बुडाला तो वड्यासाठी व लगद्यासाठी ठेवावा. तरंगला तो रस्सा, फोडींची भाजी वा थालीपीठ यांसाठी वापरावा. एकच पाणी बऱ्याच बटाट्यांना पुरते. ही परीक्षा शेतकऱ्यानेही आपल्या मालावर करून पाहण्यासारखी आहे.

अर्धे उत्तर शेतात

बटाट्यातील घन भाग पहिल्याने जातीवर ठरतो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटणा येथे सुरू झाली व १९५६ साली तिचे मुख्य ठाणे सिमल्यास गेले. सिमल्याजवळील कुफरी या स्थानावरून तेथील जातींना नावे मिळाली. १९६८ मधील कुफरी ज्योती व कुफरी चंद्रमुखी शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. १९७२ मधील कुफरी लवकर ही जात पठारी प्रदेशास मानवणारी व लवकर तयार होणारी आहे. तिचे नाव मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. १९९८ मधील कुफरी पुखराज भरपूर उत्पन्न देते, पण तिच्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने ती भाजीस बरी व तळणास कमी प्रतीची. त्याच वर्षीची कुफरी चिप्सोना-१ ही घन भाग अधिक असलेली जात तळणासाठीच काढलेली आहे.

जातीनंतर मशागत येते. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर खरिपात निघणारा बटाटा दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले रब्बीचे पीक महाशिवरात्र व पाडव्याच्या सुमारास हाती येते. सणाचा भाव गाठण्याच्या घाईत पुष्कळदा कोवळा माल उपटला जातो. अशा बटाट्याची साल बोटाने सुटते, घन भाग भरलेला नसतो, आणि तो टिकतही नाही. नत्र प्रमाणाबाहेर दिल्यास पाला माजतो व कंद भरण्यास उशीर होतो. काढणीपर्यंत पाणी देत राहिल्यासही माल पाणचट होतो. यास्तव पाला पिवळा पडू लागल्यावर पाणी तोडावे, काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाला कापून टाकावा व साल पक्की होऊ द्यावी. काढलेला माल उन्हात न ठेवता सावलीत, हवेशीर जागी ढीग करून झाकावा.

आषाढी एकादशीस लागणारा बटाटा बराचसा शीतगृहातून येतो. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातील काही पिष्टाची साखर होते. असा बटाटा गोड लागतो व तळताना काळपट पडतो. तो वापरण्यापूर्वी दोन-तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत साध्या तपमानास ठेवल्यास गोडी बरीच कमी होते.

घरासाठी राहणारा बटाटा

येथे एका जुन्या सवयीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. निवडीच्या वेळी सारखा, स्वच्छ माल पोत्यात भरून बाजारी जातो. कापलेला, हिरवा पडलेला व कोंब आलेला माल घराच्या कोपऱ्यात राहतो. ज्या घरी बटाटा पिकतो, त्याच घरच्या मुलांच्या ताटात सणाच्या दिवशी तो वाढला जातो.

उजेड लागल्याने बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग स्वतः अपायकारक नसला, तरी त्याच उजेडाने सालीखाली सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. उकडल्याने वा तळल्याने ते नाहीसे होत नाही. ते पोटात गेल्यास मळमळ, उलटी, पोटदुखी व जुलाब होतात. मुलांना त्याचा उपद्रव लवकर होतो. थोडा हिरवेपणा असल्यास तो भाग जाड सालीसह काढून टाकावा व कोंबांचे डोळे कोरून काढावे. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागत असेल, तर तो ताटातही नको आणि गुरांच्या गव्हाणीतही नको.

यावर खरा उपाय शेतातच आहे. लागवडीनंतर सुमारे महिन्याने चांगली भर दिली, कंद मातीखाली झाकलेले राहिले आणि काढणीनंतर ढिगास ऊन लागू दिले नाही, तर हिरवा माल फारसा निघतच नाही. निवड करताना पहिली पाटी घरासाठी बाजूला काढावी. उरलेली शेवटची नव्हे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सणाच्या आधी एक दुपार यासाठी राखून ठेवावी. महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरचे सणाचे ताट व बटाटा कुस्करण्याची आपली रीत सांगावी. दोन-तीन शेतांतील बटाटे आणून मिठाच्या पाण्यात सोडावे, सारख्या वेळात उकडावे व पुरणयंत्रातून काढून शेजारी शेजारी मांडावे. कोणता मोकळा झाला व कोणता चिकटला, हे सर्वांना डोळ्यांनी दिसेल. मग ते बटाटे पिकवणाऱ्यांस विचारावे : जात कोणती होती, खत किती दिले, शेवटचे पाणी केव्हा दिले, काढणी केव्हा केली ?

अशा बैठकीस पुरुषांनीही यावे. बटाट्याची प्रत वजनकाट्यावर कळत नाही. ती परातीत कळते. परातीसमोर बसणाऱ्या स्त्रीचे मत पुढच्या लागवडीपूर्वी शेतकऱ्याच्या कानी पडले, तर बाजारात मालाचे नाव राहील आणि घरच्या पाडव्याच्या ताटातही चांगलाच बटाटा वाढला जाईल.