बीरगांवहून आकाशगंगेकडे

रायपूरच्या उत्तरेला खेटून असलेल्या बीरगांवात रात्र पुरती काळी कधी होतच नाही. शेजारी उरला, थोडं पुढे सिलतरा. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, ट्रकांची अखंड वर्दळ. हवेतल्या धुरावर आणि धुळीवर दिव्यांचा उजेड पसरतो नि आकाशाला राखाडी-तांबूस रंग चढतो. गुरू-शुक्र दिसतात, मृगाचा पट्टाही ओळखू येतो. आकाशगंगा मात्र नाही. अमेरिकेतले हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पहिल्या पायरीवर निखळ अंधार, नववीवर महानगराचा मध्य. औद्योगिक वस्तीतून सुरुवात करणाऱ्याला या पट्टीच्या वरच्या टोकाकडून खाली उतरायचं असतं.

इथे नवखे हटकून एक चूक करतात. आकाशगंगा दिसत नाही, म्हणजे कॅमेरा कमी पडतोय, असं ठरवून ते महागडी लेन्स घेतात. पण सेन्सर ताऱ्याचा प्रकाश आणि दिव्यांचा उजेड यांत भेद करत नाही. शहरात शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, तर ताऱ्यांच्या आधी आकाशच पांढरं पडतं. लाखभराच्या लेन्सपेक्षा शंभर किलोमीटरचा प्रवास जास्त कामाचा, तो यामुळे.

प्रवास कुठे करायचा, हे मात्र नकाशा समोर ठेवूनच ठरवावं लागतं. नुसतं ‘अंधारी जागा’ म्हणून भागत नाही. उजेड कोणत्या दिशेला राहतो ते पाहायचं. आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग, म्हणजे तिचा गाभा, धनू राशीत आहे. मध्य भारतातून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम ४० अंशांपर्यंत चढतो. मे महिन्याच्या सुरुवातीला तो रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि पहाटे तीनच्या आसपास दक्षिणेला सर्वांत उंच येतो. दिवाळीला हेच चित्र उलटं होतं. लक्ष्मीपूजनाची अमावास्या चंद्र नसल्यामुळे सोयीची (फटाक्यांचा धूर तेवढा सोडून द्यायचा), पण गाभा अंधार पडताच नैऋत्येला कलंडलेला असतो आणि तासा-दीड तासात मावळतो.

आता रायपूरच्या पूर्वेचं बारनवापारा अभयारण्य घ्या. त्याच्या आसपासच्या गावांतून रायपूरचा उजेड पश्चिमेकडे राहतो. म्हणजे दिवाळीच्या संध्याकाळी गाभा शहराच्याच बाजूला झुकतो, तर मेच्या रात्री तो उजेडापासून दूर, आग्नेय ते दक्षिण असा सरकतो. हिशोब मेच्या बाजूने लागतो. तरीही मे पूर्ण निर्धोक नाही. उन्हाळ्यात हवेत धूळ असते. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर मार्च-एप्रिलपासून रानात रेंगाळतो. शिवाय या पट्ट्यात अलीकडे हत्तींचा वावर आहे. अभयारण्यात रात्री हिंडायला परवानगी नसते, आणि तो नियम शोभेचा नाही. ट्रायपॉड मुक्कामाच्या ठिकाणी, गावाच्या हद्दीतच लावायचा.

दुसरा पर्याय लांबचा: हावडा-मुंबई लोहमार्गाने रायपूरहून नागपूरला आलं, की तिथून उत्तरेला पेंच. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने डार्क स्काय पार्कचा दर्जा दिला. भारतातलं हे असं पहिलं उद्यान आणि आशियातलं पाचवं. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, लडाखमधलं हानले अधिकृतपणे अंधारराखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं होतं. पण हानले साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचावरचं थंड वाळवंट. तिथे माणसंच थोडी. पेंचचं काम वेगळं होतं. जंगलाच्या कडेला नांदती गावं आहेत, रस्ते आहेत, पर्यटक आहेत.

वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर रस्त्यावरचे आणि सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. वाघोडा तलावाजवळ दुर्बिणीची सोय झाली. यात रॉकेट सायन्स काहीच नाही. दिव्याला वरून टोपी हवी, प्रकाश पायाखाली पडावा आणि त्यात निळसर छटा कमी असावी, कारण निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. गावाला रस्ता पूर्वीइतकाच दिसतो; फक्त वर जाणारा उजेड वाचतो.

छायाचित्रकारासाठी पेंचलाही एक अडचण आहेच: नागपूर नेमकं दक्षिणेला. गाभा जिथून सरकतो, तीच बाजू. म्हणून तिथे तो जितका उंच चढेल तितकं बरं. क्षितिजालगतचा पट्टा चौकटीबाहेर ठेवायचा किंवा झाडांच्या ओळीआड घालायचा.

आणि हे आकाश तिथल्या माणसांना नवं नाही. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असलेले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांकडे असलेलं ताऱ्यांचं ज्ञान गावोगाव विचारून नोंदवलं. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांत गोंडांना खाट दिसते, मृगाच्या पट्ट्यात नांगर. कॅमेरा घेऊन गेलेल्याने मुक्कामी एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारून पाहावं. मृग कोणत्या महिन्यात किती वाजता कुठे असतो, हे मोबाइलच्या ॲपइतकंच नेमकं सांगणारी माणसं अजून भेटतात.

तंत्राचा भाग त्या मानाने लवकर जमतो. ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, रॉ फाइल, उघड्या ॲपर्चरची रुंद लेन्स, आयएसओ १६०० ते ६४०० च्या दरम्यान. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ विकला सरकतात. शटर जास्त वेळ उघडं राहिलं तर ठिपक्याची रेघ होते. त्यावर जुना ठोकताळा असा, की ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागायचं. २४ मिलिमीटरला साधारण २० सेकंद येतात. फुल फ्रेम कॅमेऱ्याला हे चालतं, लहान सेन्सरला वेळ आणखी कमी करावा लागतो. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तर हा ठोकताळा सैलच ठरतो.

खरी फजिती होते ती फोकसची. लेन्सवरची अनंताची खूण बहुधा थोडी चुकलेली असते. ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करायचा, तो टाचणीच्या टोकाएवढा होईस्तोवर रिंग फिरवायची, मग तिच्यावर चिकटपट्टी. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून टॉर्च लाल हवा. हिवाळ्याच्या पहाटे लेन्सवर दव धरतं, आणि ते मागच्या स्क्रीनवर कळतही नाही. मोबाइलवालेही यातून अगदीच वगळलेले नाहीत. गूगलने २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये सोळा-सोळा सेकंदांपर्यंतची पंधरा चित्रं जोडून एक करणारा मोड दिला, तेव्हापासून फोनमध्येही आकाशगंगा उतरू लागली.

ही जोडणी, म्हणजे स्टॅकिंग, या छंदाचा कणा आहे. एकाच जागेची सोळा चित्रं ताऱ्यांवर तारे ठेवून सरासरी काढली, की चित्रातली रवाळी चौथ्या हिश्शावर येते. सिरिल, डीपस्कायस्टॅकर, सीक्वेटर ही सॉफ्टवेअरं त्यासाठी फुकट मिळतात.

प्रकाश साठवत बसण्याची कल्पना मात्र जुनी. सूर्य सोडून पहिल्या ताऱ्याचं छायाचित्र १८५० साली हार्वर्डला घेतलं गेलं. तो तारा आपला अभिजित, आणि त्याला शंभर सेकंदांच्या आसपास लागले होते. महाराष्ट्रात २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही त्याच गावी उतरले, तर इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला. काचेच्या प्लेटी, मिनिटा-दोन मिनिटांची खग्रास स्थिती, पुन्हा संधी नाही. आज शेवटच्या फ्रेमपर्यंत चुका पुसता येतात.

नेमकं तिथेच वाकडं वळण आहे. समाजमाध्यमांवर झळकणाऱ्या पुष्कळ चित्रांत देऊळ संध्याकाळी टिपलेलं असतं, आकाश दुसऱ्या रात्रीचं, कधी दुसऱ्याच गावचं. जोडचित्र म्हणून सांगितलं तर त्यात वावगं काही नाही. न सांगितल्यास नवशिका वाघोड्याला पोहोचतो आणि डोक्यावर जांभळी-केशरी नदी शोधत राहतो. डोळ्यांना आकाशगंगा करडीच दिसते. मंद प्रकाशात आपल्याला रंग कळत नाहीत. सेन्सरवर उमटलेले रंग खरे असतात, त्यांचा भडकपणा बहुतेक वेळा संगणकावरचा.

अंधार मात्र संगणकावर तयार होत नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात जगभरच्या सामान्य लोकांनी केलेली ५१ हजारांहून अधिक निरीक्षणं तपासली होती. २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. या वेगाने, जन्मावेळी जिथे २५० तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचं होईतो शंभरच उरतील. बारनवापाऱ्याच्या कडेला रिसॉर्टं वाढू लागली, की त्यांच्या फाटकावर कोणते दिवे लागतात याकडे रायपूर-बीरगांवच्या छायाचित्रकारांनी आतापासूनच लक्ष ठेवलेलं बरं. पेंचला दिवे आधी लागले आणि मग बदलावे लागले. इथे पहिल्यांदाच टोपीचे बसवता येतील.