हरवलेल्या पैशाचा शोध

एक सोपे गणित करा. ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली तर बेरीज किती? 'एक', असे तुम्ही झटकन सांगाल. पण संगणकाला हीच बेरीज एकेक पायरीने करायला सांगितली तर पुष्कळदा उत्तर येते ०.९९९९९९९९९९९९९९९९!

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची या कोड्याशी गाठ पडली ती पुस्तकात नव्हे, कामावर. ती संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिला सहा महिने उद्योगात उमेदवारी करावी लागली. शिक्षण आणि काम यांची अशी सांगड घालण्याची पद्धत अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून तिचा अवलंब केला.

ही मुलगी जिथे गेली तिथे दूध संकलन केंद्रांच्या हिशेबाच्या आज्ञावल्या तयार होतात. पहिलेच काम मिळाले ते अगदी क्षुल्लक. एका केंद्रावरील वृद्ध सभासदाची तक्रार होती की पावतीवर कधी कधी एक पैसा कमी येतो. एक पैसा! आज तो बाजारात चालतही नाही. ती मनातून हिरमुसली. चार दिवस पडद्यासमोर बसून तिने आज्ञावलीची ओळ अन् ओळ तपासली. चूक सापडेना. तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "इथे बसून काय होणार? उद्या केंद्रावर जाऊन ये."

पहाटे सहाला ती केंद्रावर पोचली. किटल्यांची रांग लागली होती. त्या आजोबांनी पिशवीतून वही काढली. रोजचे लिटर, दर आणि हाताने केलेला गुणाकार, सारे व्यवस्थित मांडलेले. ती म्हणाली, "आजोबा, एका पैशासाठी एवढा खटाटोप?" ते म्हणाले, "पोरी, प्रश्न पैशाचा नाही. पैसा चुकतो ते मला दिसतं. उद्या लिटर चुकलं तर कसं दिसणार?"

तिने वही निरखून पाहिली आणि एक गोष्ट ध्यानात आली. पैसा चुकलेल्या प्रत्येक ओळीत गुणाकाराच्या शेवटी अर्धा पैसा उरत होता. उदाहरणार्थ, दीड लिटर दूध ३६.३५ रुपये दराने घेतले तर रक्कम होते ५४.५२५ रुपये. अर्धा पैसा उरला की तो पूर्ण धरावा, असा केंद्राचा नियम. मग तो मधेच का गळतो?

आता कारण पाहू. आपण दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू लागलो की ०.३३३३... असे लिहीतच राहावे लागते. संगणक द्विमान पद्धत वापरतो. तिथे अर्धा, पाव, एक अष्टमांश हे अपूर्णांक नेमके लिहिता येतात. पण एक दशांश म्हणजे १/१६ + १/३२ + १/२५६ + १/५१२ +... अशी न संपणारी बेरीज! यंत्रातील जागा मर्यादित, म्हणून ती कुठेतरी तोडावी लागते. १.००५ ही संख्या यंत्रात १.००५ हून किंचित कमी अशी साठते. मग ती दोन दशांश स्थळांपर्यंत आणली की १.०१ ऐवजी १.०० मिळते. झाला पैसा नाहीसा!

इतक्या बारीक चुकीने काय बिघडते, असे म्हणू नका. १९९१ साली आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते. हा दशांश यंत्रात २४ बिटांवर तोडलेला होता. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिली आणि चूक साचत साचत ०.३४ सेकंदावर गेली. तेवढ्या वेळात शत्रूचे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. २५ फेब्रुवारीला ते अडवता आले नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले.

आपल्या विद्यार्थिनीने उपाय केला तो साधा. रुपयांचे पैसे केले, लिटरचे दशांश केले आणि सारा हिशेब पूर्णांकांत मांडला. १५ गुणिले ३६३५ बरोबर ५४५२५. येथे काही तोडायची वेळच येत नाही. नंतर तिने आजोबांच्या वहीतील सगळ्या ओळी नव्या आज्ञावलीला घातल्या. एकही चुकली नाही.

सुट्टीत भेटायला आली तेव्हा ती म्हणाली, "सर, द्विमान पद्धतीवर मला परीक्षेत पूर्ण गुण होते. पण तो धडा मला केंद्रावरच कळला." कॉलेजात आज्ञावली एकदा चालते, सरांची सही होते आणि वही मिटते. कामावर तीच आज्ञावली रोज सकाळ-संध्याकाळ चालते आणि तिच्या उत्तरावर कुणाचा तरी संसार उभा असतो. आम्ही प्रयोगशाळेत लघुतम मापाचा आग्रह धरतो तो याचसाठी.

तुम्हीही करून पाहा. १/२, १/५, १/८, १/१० आणि ३/४ यांपैकी कोणते अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके लिहिता येतील? छेदांकडे नीट पाहा. उत्तर तिथेच दडलेले आहे.