घटकराज्याची 'घटना' : गोव्याच्या विधानसभेचे गणित

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच शाळेत मी कित्येक वर्षे नागरिकशास्त्र शिकविले. एके वर्षी नववीतल्या एका मुलाने मला विचारले होते, "सर, भारताच्या राज्यघटनेची प्रत ग्रंथालयात आहे, आपल्या गोव्याच्या राज्यघटनेची प्रत कोठे मिळेल?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि 'घटकराज्यांना स्वतंत्र घटना नसते' असे सांगून पुढच्या धड्याकडे वळलो. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. त्या मुलाचे राहिलेले उत्तर आज आपल्यापुढे मांडावे, असा मानस आहे.

अमेरिकेतील प्रत्येक राज्याला स्वतःची लिखित घटना आहे. आपल्याकडे ती मुभा केवळ जम्मू-काश्मीरला होती. २६ जानेवारी १९५७ पासून अमलात असलेली ती घटना २०१९ साली संपुष्टात आली. इतर राज्यांची चौकट भारतीय राज्यघटनेच्या सहाव्या भागातच आखलेली आहे. परंतु गोव्यापुरते बोलायचे तर आपली 'घटना' एका पुस्तकात नाही, ती चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहे : १९६३ चा एक कायदा, १९६६ चा दुसरा, १९८७ ची घटनादुरुस्ती आणि पुनर्रचना कायदा, दहावे परिशिष्ट, २००३ ची दुरुस्ती. हे तुकडे एकत्र ठेवून वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या राज्याचा बराचसा राजकीय इतिहास विधानसभेच्या सदस्यसंख्येने घडविला आहे.

प्रतिनिधी निवडून पाठविणे गोव्याला नवे नव्हते. पोर्तुगालमधील घटनात्मक क्रांतीनंतर १८२२ सालीच बर्नार्दो पेरिश द सिल्व्हा यांच्यासह तीन प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून निवडले गेले होते. पण तो मतदार मूठभर होता; आणि १९३० च्या वसाहतविषयक कायद्यानंतर सालाझारच्या राजवटीत जे काही उरले, त्याला निवडणूक म्हणणे धाडसाचे होईल. म्हणून आपली कथा १९ डिसेंबर १९६१ पासूनच सुरू करणे योग्य.

मुक्तीनंतर १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव यांचा संघप्रदेशांच्या यादीत समावेश झाला. त्याच वर्षीच्या चौदाव्या दुरुस्तीने घटनेत २३९-अ हे कलम आले आणि काही संघप्रदेशांना विधानसभा व मंत्रिमंडळ देण्याचा अधिकार संसदेला मिळाला. त्यानुसार झालेला १९६३ चा 'संघप्रदेश शासन अधिनियम' हीच खऱ्या अर्थाने गोव्याची पहिली घटना. तिने निवडून आलेल्या तीस सदस्यांची विधानसभा दिली : गोव्याच्या अठ्ठावीस जागा, दमणची एक, दीवची एक. शिवाय केंद्र सरकारने तीनपर्यंत सदस्य नेमावेत अशीही तरतूद होती.

हा कायदा पुन्हा वाचताना त्यातला संकोच डोळ्यांत भरतो. मंत्रिमंडळ होते, पण नायब राज्यपाल आणि मंत्रिमंडळ यांच्यात मतभेद झाला तर प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात दिल्लीतील गृहमंत्रालयाकडे जाई. आपल्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचे वर्णन करताना आपण 'गोव्याचे भाग्यविधाते' म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो. परंतु भाऊसाहेब बांदोडकरांनी शाळांचे जाळे विणले ते अशा अर्ध्या अधिकाराच्या खुर्चीवर बसून, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल अधिक कळते.

९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याचे साथीदार यांना मिळून सोळा, युनायटेड गोवन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या. विलीनीकरण की वेगळे अस्तित्व, हाच निवडणुकीचा प्रश्न होता, आणि विलीनीकरणवाद्यांच्या दृष्टीने त्याचे उत्तर मिळाले होते. मग जनमत कौल कशासाठी?

येथे कायद्याची एक बारीक गाठ आहे, ती सोडवून दाखविली पाहिजे. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. असे विधेयक मांडण्यापूर्वी संबंधित राज्याच्या विधानमंडळाचे मत मागवावे लागते. मात्र ते मान्य करण्याचे बंधन नाही. पण मत मागविण्याची ही अट संघप्रदेशाला लागूच नाही! म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा असता तर गोव्यात कोणालाही न विचारता संसद तसे करू शकली असती. सार्वमताचा तर आपल्या घटनेत उल्लेखही नाही. तरीही डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने या एका प्रश्नापुरता स्वतंत्र कायदा करून लोकांनाच विचारण्याचे ठरविले. त्या कायद्याच्या नावात 'सार्वमत' नव्हे, तर 'ओपिनियन पोल', म्हणजे आपल्या भाषेत 'जनमत कौल', हे शब्द आले. दमण व दीवसाठी पर्याय गुजरातचा होता.

निवडणुकीत आणि कौलात फरक तो काय? निवडणुकीत मतदारसंघ जिंकायचे असतात. मतांची एकूण बेरीज पडद्याआड राहते. कौलात मतदारसंघ नाहीतच, गोव्यातील सगळ्या मतांचा एकच ढीग. शिवाय उमेदवार नाही, जात नाही, गावचा मान नाही; दोनच खुणा होत्या, विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पाने. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. एकाच भिंतीवर शेजारीशेजारी कोळशाने काढलेले फूल आणि चुन्याने काढलेली पाने मला अजून दिसतात. मतदानाचा हक्क गोव्यातील मतदारयादीत नाव असलेल्यांनाच होता. मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीयांची मागणी मान्य झाली नाही. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबरमध्ये राजीनामा दिला होता.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. एकूण मतदार ३,८८,४३२. मते पडली ३,१७,६३३. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, आणि बाद ठरली ती ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली, पण जेवण कोणाला गेले नाही. ज्या घरांत फटाके वाजले त्यांत आमचे अनेक स्नेही होते. त्यावर अधिक लिहीत नाही.

पुढे जे घडले ते मात्र अभ्यासण्याजोगे आहे. अवघ्या दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा प्रश्न हरलेला पक्षच पुन्हा सत्तेवर आला. मतदार तेच, याद्या त्याच. विलीनीकरण नको, पण बांदोडकर हवेत, असे म्हणणारे हजारो लोक गोव्यात होते. १९६३ च्या निवडणुकीने या दोन गोष्टी एकाच मतात बांधून टाकल्या होत्या, कौलाने त्या सोडविल्या. विलीनीकरणवादी घरात वाढलेला असूनही मी म्हणेन की प्रश्न विचारण्याची ती रीत योग्य होती. बेळगावकर मंडळींना याची सल असणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे त्याच सुमारास, त्यांच्या वाट्याला महाजन आयोग आला; मतपेटी आली नाही.

आता १९८७ कडे. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले; देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद त्यातच राहिली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ३० मे रोजी, गोवा हे भारताचे पंचविसावे राज्य झाले. दमण व दीव वेगळे होऊन संघप्रदेशच राहिले. २०२० साली ते दादरा-नगरहवेलीशी जोडले गेले.

राज्य करायचे तर एक अडचण होती. घटनेच्या १७० व्या कलमानुसार राज्याच्या विधानसभेत कमीत कमी साठ सदस्य असावे लागतात. गोव्यात साठ मतदारसंघ पाडले असते तर पंचायतीचे प्रभाग आणि विधानसभेचे मतदारसंघ यांत फारसे अंतर राहिले नसते. म्हणून छपन्नाव्या घटनादुरुस्तीने ३७१-आय हे कलम घातले गेले. ते एका वाक्याचे आहे : गोव्याच्या विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसतील. सिक्कीम, मिझोराम, अरुणाचल यांच्यासाठीही अशीच सवलत आहे. पुनर्रचना कायद्याने प्रत्यक्ष संख्या चाळीस ठरविली. गोव्याची घटना कोठे मिळेल, या प्रश्नाचे सर्वांत छोटे उत्तर म्हणजे हे एक वाक्य.

चाळीस ही संख्या दिसायला निरुपद्रवी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. म्हणजे सरासरी एका आमदारामागे सुमारे छत्तीस हजार माणसे. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाख नव्वद हजारांच्या घरात जातो. आमदार आपल्याला नावाने ओळखतो, लग्नाला येतो, ही गोव्याची खरी चैन आहे. पण तिची किंमतही आहे, आणि ती नोव्हेंबर १९८९ मध्ये, चाळीस जागांच्या पहिल्याच निवडणुकीत दिसली. काँग्रेस वीस, म.गो. अठरा, अपक्ष दोन. बरोबर अर्धे सभागृह एका बाजूला! सम संख्येच्या सभागृहात असे होणारच, हे गणिताच्या शिक्षकाने एका मिनिटात सांगितले असते.

येथे दहावे परिशिष्ट आले. १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतराला बंदी केली, पण दोन दारे उघडी ठेवली : विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती 'फूट', दोन तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते 'विलीनीकरण'. दोन्हींत सदस्यत्व शाबूत. शंभर आमदारांच्या पक्षात एक तृतीयांश म्हणजे चौतीस माणसे. तेवढी जमविणे कठीण. वीसांच्या पक्षात सातच लागतात. मार्च १९९० मध्ये काँग्रेसचे नेमके सात सदस्य बाहेर पडले. त्यांत खुद्द सभापतीही होते. आधी अठरा दिवसांचे एक मंत्रिमंडळ झाले, मग ते सभापतीच मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९९४ मध्ये तर एक सरकार सहा दिवस टिकले. मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात मुख्यमंत्रिपदाची शपथ दहाहून अधिक वेळा झाली. 'आजचे मुख्यमंत्री कोण?' हा सामान्यज्ञानाचा प्रश्न मी परीक्षेत घालणे सोडून दिले होते.

या गोंधळातून देशाला मात्र कायदा मिळाला. सभापतीला आपल्याच अपात्रतेच्या निर्णयाचा फेरविचार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डॉ. काशिनाथ जल्मी यांच्या प्रकरणात ठरविले. 'स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणे' म्हणजे केवळ लेखी राजीनामा नव्हे, वर्तनावरूनही ते ठरू शकते, हे १९९४ च्या रवी नाईक प्रकरणातील विवेचन. देशभरातील विधिमहाविद्यालयांत आज हे दोन्ही निवाडे शिकवितात. ते गोव्याचे आहेत, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहते की नाही कोण जाणे.

२००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने 'फूट' हे दार बंद केले आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. चाळीसचे पंधरा टक्के म्हणजे सहा मंत्री. पण छोट्या राज्यांसाठी किमान बाराची तरतूद ठेवली गेली. परिणाम असा की जी मर्यादा मोठ्या राज्यांत पंधरा टक्के आहे ती गोव्यात तीस टक्के होते : एकवीसच्या बहुमतातले बाराजण मंत्री होऊ शकतात. दुरुस्तीचा हेतू चांगला होता. गोव्याच्या बाबतीत आकड्याने तो अर्धा खाल्ला.

उरले दोन तृतीयांशाचे दार. त्याचाही हिशोब पाहा. मार्च २०१९ मध्ये म.गो.च्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ. अकराचे दोन तृतीयांश सव्वासातच्या किंचित वर भरतात, तेव्हा सात पुरेसे नव्हते. प्रत्येक वेळी जेवढे लागतात तेवढेच, एकही अधिक नाही. पक्षाचा नव्हे, केवळ आमदारांचा गट विलीन झाला तरी चालते काय, हा वाद उच्च न्यायालयात गेला; २०१९ च्या प्रकरणांत सभापतींचा निर्णय फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे कायम झाला. व्यक्तिशः मला हा अर्थ पटत नाही. परिशिष्टात मूळ राजकीय पक्षाच्या विलीनीकरणाचा उल्लेख आधी आहे, आमदारांची संमती त्यानंतर आहे. तीन आमदारांच्या पक्षात दोघांनी मिळून ठरविले की पक्षच विलीन झाला, आणि ते कार्यकर्त्यांनी सकाळी वर्तमानपत्रात वाचायचे, ही कल्पना मला चमत्कारिक वाटते.

शेवटी एका वेगळ्या गणिताकडे आपले लक्ष वेधतो, कारण त्याचा संबंध आपल्या शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांशी आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या अवघी ५६६ होती. पुढे गावडा, कुणबी व वेळीप यांचा अनुसूचीत समावेश झाला आणि २०११ मध्ये तीच संख्या १,४९,२७५ झाली. माणसे तीच होती, डोंगर आणि कुळागरेही तीच. यादी बदलली होती. परंतु मतदारसंघांची पुनर्रचना २००१ च्या आकड्यांवर झाली होती. त्यामुळे २५,४४९ लोकसंख्येच्या अनुसूचित जातींसाठी पेडणे ही एक जागा राखीव राहिली, आणि त्यांच्या जवळजवळ सहापट असलेल्या जमातींसाठी एकही नाही. २०२५ साली संसदेने यासाठी स्वतंत्र कायदा केला. सभागृह चाळीसचेच राहणार असल्याने या जागा आहेत त्यांतूनच काढाव्या लागतात. २०११ चा आकडा धरला तर त्या चार भरतात. कोणत्या चार, हे ठरविण्याचे काम त्या कायद्याने निवडणूक आयोगाकडे दिले आहे.