वारा कोण झेलणार?

रविवारची पहाट, साडेपाचची वेळ. आम्ही चौघं सायकलवर, जुन्या हायवेनं पुण्याहून लोणावळ्याकडे. समोरून भन्नाट वारा! पण मला नो टेन्शन. माझी जागा ठरलेली, मैत्रिणीच्या मागच्या चाकाला चिकटून. तळेगाव येईपर्यंत ती घामाघूम, मी एकदम फ्रेश. परवा तिनं फोनवर सरळ सांगितलं, "या रविवारी मी येत नाहीये. दर वेळी वारा मीच झेलायचा का रे?"

आधी रागच आला. मग सवयीप्रमाणे वाचत बसलो, आणि तीन वेगवेगळ्या शास्त्रांनी मलाच पकडलं!

पहिलं इंजिनीअरिंग. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या बर्ट ब्लॉकन यांच्या टीमनं २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांचा घोळका कॉम्प्युटरवर आणि विंड टनेलमध्ये तपासला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला दडलेल्याला हवेचा अडथळा किती? एकट्या रायडरच्या जेमतेम ५ ते १० टक्के! म्हणजे माझा फ्रेशनेस फुकटचा होता.

दुसरं स्पोर्ट्स सायन्स. १२ ऑक्टोबर २०१९, व्हिएन्ना. एलियुड किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. त्याच्या पुढे पाच पेसर, मागे दोन. आणि दमण्याआधीच नवी टोळी हजर. पेसर असे बदलत राहिल्यानं अधिकृत विक्रम झाला नाही, पण वारा एकट्यानं झेलायचा नसतो हा फंडा जगानं पाहिला.

तिसरे मात्र पक्षी, आणि त्यांनी माझी विकेटच काढली. आपल्या शराटीचे युरोपातले टकले भाऊबंद म्हणजे नॉर्दर्न बाल्ड आयबिस. अशा १४ पक्ष्यांच्या पाठीवर संशोधकांनी छोटी यंत्रं बसवली. पुढच्याच्या पंखाच्या टोकाशी वर उसळणारी हवा मागचा पक्षी पकडतो, आणि पंखही त्याच लयीत हलवतो, हे २०१४ मध्ये कळलं. २०१५ च्या अभ्यासात त्याहून भारी गोष्ट निघाली. जो जितका वेळ मागे राहून फायदा घेतो, साधारण तितकाच वेळ तो पुढेही राहतो. हिशोब चोख!

मी फोन लावला. "ये ना रविवारी. देहू रोडपर्यंत मी पुढे."
"आणि मग?"
"मग तू. मग परत मी."

रविवारी पाच मिनिटांत मांड्या पेटल्या. तेव्हा कळलं, ती इतके महिने काय करत होती. तुमच्या ऑफिसच्या टीममध्येही रोज वारा झेलणारं कुणीतरी असेलच ना? या सोमवारी जरा पुढे व्हा!