वेंगुर्ले: बंदर ते पर्यटन

• ठिकाण: सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, गोव्याच्या सीमेजवळ. 1812 मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात.

• डच वखार: सतराव्या शतकातली. वखार म्हणजे नुसते गोदाम नव्हे. माल, कचेरी, राहण्याची सोय आणि तटबंदी असे सगळे एकाच आवारात. आज भिंती उभ्या, छप्पर नाही. पावसाळ्यात झाडोराच जास्त दिसतो.

• बोटीचा काळ: मुंबई-गोवा आगबोट इथे थांबे. बोट खोल पाण्यात, उतारू पडावातून धक्क्यावर. पावसाळ्यात वाहतूक बंद. रस्ता सुधारला, एसटी वाढली, तशी बंदराची वर्दळ ओसरली.

• रेल्वे: कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, मार्ग मात्र आतून, कुडाळ-सावंतवाडीकडून. वेंगुर्ल्यात स्टेशन नाही.

• बागायत: फळ संशोधन केंद्र 1957 पासून. ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ हे काजूचे वाण इथलेच.

• पर्यटन: सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर. तालुक्यातील चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू. नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे.

• बांधकाम: किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम लागू, पहिली अधिसूचना 1991 ची.