जुना लहान ट्रॅक्टर नांगरटीला जुंपताना



गेल्या दोन-तीन हंगामांत गटात फिरताना एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "साहेब, संत्र्याच्या बागेसाठी घेतलेला लहान ट्रॅक्टर धूळ खात पडला आहे. दुरुस्त करून उसाच्या नांगरटीला चालेल काय?" नांदगाव पेठ, माहुली, बोरगावकडच्या शिवारांत बागा कमी-जास्त होत गेल्या, पण बागेत शिरावे म्हणून घेतलेली पंधरा-अठरा अश्वशक्तीची यंत्रे गोठ्याच्या मागे उभीच राहिली. काहींकडे त्याहून जुने पॉवर टिलर आहेत. भंगारवाला किलोवर भाव सांगतो, मेस्तरी म्हणतो नवीन करून देतो. दोघांचेही ऐकण्याआधी थोडा हिशेब करू.

बहुतेकांचा समज असा की लहान ट्रॅक्टर नांगरटीत हरतो तो ताकद कमी म्हणून. म्हणून पहिला विचार येतो तो मोठे इंजिन बसवण्याचा. माझे म्हणणे आहे की आपल्या काळ्या जमिनीत लहान ट्रॅक्टर हरतो तो वजनाने आणि पकडीने. इंजिनाचा नंबर बराच मागून लागतो.

कागद-पेन्सिल घ्या. भारी काळ्या मातीत वाफसा असताना पलटी नांगराला ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटर कापाला ८०० ग्रॅम ते १ किलो ओढ लागते. मोठ्या ट्रॅक्टरचा एक तास ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल चालला की ६०० चौरस सेंटिमीटर माती कापली जाते. ओढ झाली ४८० ते ६०० किलो. आता आपला लहान ट्रॅक्टर. त्याचे वजन ७०० किलो धरा. दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर वावरात आपल्या वजनाच्या साधारण चाळीस टक्के ओढतो, म्हणजे २८० किलो. पुढे चाक जागेवर फिरते, माती उकरते आणि डिझेल जळते. तिथे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन ठेवले तरी चाक फक्त जास्त जोरात फिरेल.

हाच हिशेब उलटा करा. नांगर २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल केला की काप ३०० चौरस सेंटिमीटरचा होतो आणि ओढ २४० ते ३०० किलोवर येते. ताशी ३ किलोमीटर वेगाने २८० किलो ओढायला नांगरापाशी तीन अश्वशक्तीच्या थोडे वरच लागते. गिअरमधली घट, चाकांची घसरण धरली तरी इंजिनाकडून सहा-सात. म्हणजे दहा अश्वशक्तीचे जुने इंजिन धड असेल तर ते काढून टाकायचे कारणच नाही.

किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक तो घेईनात. आज उलटी गत आहे, जितके लोखंड मोठे तितके चांगले असे वाटते. लहान ट्रॅक्टरला मोठ्याचा नांगर लावणे म्हणजे गोऱ्ह्याला सहा बैली नांगर जुंपणे आहे.

वजन कुठे आणि हुक कुठे

हलक्या ट्रॅक्टरने नांगरायचे कसे, यावर ज्याने सर्वांत खोल विचार केला तो हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९१७ साली पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत त्याने नांगर बनवला तो अशाच एका जुगाडासाठी. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीला मागची मोठी चाके लावून 'इरॉस' नावाचा ट्रॅक्टर करीत, त्यासाठी. त्या काळचे ट्रॅक्टर नांगराला नुसते साखळीने ओढीत. नांगर दगडाला अडला की चाके थांबत, इंजिन थांबत नसे, आणि ट्रॅक्टर पुढून उचलून चालकाच्या अंगावर उलटत असे. फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. खालच्या दोन दांड्या ओढतात, वरची एक दांडी ढकलते. नांगर अडला की वरची दांडी पुढच्या चाकांना जमिनीकडे दाबते. शिवाय नांगराचे वजन आणि मातीचा खालचा दाब मागच्या चाकांवर येतो. हवे तेव्हा वजन मिळते आणि ते वागवीत बसावे लागत नाही. या जोडणीचे पेटंट १९२६ चे. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे ज्या तीन दांड्या दिसतात त्या याच.

त्याचा फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात निघू लागला. एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरीने अशाच ट्रॅक्टरांच्या चाकांवर पट्टे चढवून ते एकमेकांना दोरांनी बांधले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुव गाठला. तेथेही कामाला आली ती पकड.

एवढी गोष्ट सांगायचे कारण आपल्याच शिवारात घडले. पेठच्या जवळच एका सभासदाच्या वावरात मी जुन्या ट्रॅक्टरची चाचणी पाहायला गेलो होतो. मूळच्या तीन दांड्या हरवलेल्या, म्हणून वेल्डरने मागच्या धुरीच्या वर, सीटच्या खाली, जाड पट्टी जोडून तिला हुक केला होता. "वर बांधला की नांगर उचलून राहतो," हे त्याचे कारण. पहिल्याच तासाला नांगर जुन्या धुऱ्याच्या कडेला रुतला आणि पुढची दोन्ही चाके हातभर वर आली. चालवणारा पोरगा हुशार, त्याने क्लच दाबला, चाके धपकन खाली आली. अर्धा मिनिट कोणी बोलले नाही. राजेहो, असा ट्रॅक्टर उलटायला दीड सेकंदही लागत नाही. ओढ धुरीच्या मध्याच्या वर लागली की ती पुढचा भाग उचलते, खाली लागली की धरून ठेवते. मेस्तरी काहीही सांगो, हुक धुरीच्या खालीच पाहिजे. त्या ट्रॅक्टरची पट्टी त्याच दिवशी कापून काढली. नंतर लहान ट्रॅक्टरांना चालणाऱ्या 'झिरो कॅटेगरी'च्या तीन दांड्या बसवल्या आणि हायड्रॉलिक नव्हते म्हणून हाताने उचलायचा दांडा केला. दांडा जड जातो, पण काम होते.

वजन वाढवण्याचे स्वस्त उपाय दोनच. मागच्या टायरच्या ट्यूबमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरणे, आणि चाकांच्या मध्यभागी बिडाची किंवा सिमेंट भरलेली वजने बोल्टने आवळणे. दगडांची पोती मडगार्डवर टाकू नका, ती सरकतात आणि वजन उंच जाते. पुढेही थोडे वजन हवे. आणि नांगरट संपली की वजने काढा. तीच वजने घेऊन सरीत फिरलात तर माती दाबून बसेल.

उघडून काय बघायचे

दुरुस्तीची सुरुवात रंगापासून करू नये, तेलापासून करावी. गिअरपेटीचे तेल पांढऱ्या फडक्यावर सोडा. काळे असेल तर चालते. चमचम करीत असेल तर आत दात झिजताहेत, आणि क्राऊन-पिनियन मिळणार की नाही याची चौकशी आधी करा, कारण तिथेच खर्चाचा निकाल लागतो. दुधासारखे असेल तर पाणी शिरले आहे. मग धुरीचे बेअरिंग, स्टिअरिंगचा खेळ, ब्रेक. इंजिन सर्वांत शेवटी. जुने इंजिन खरेच गेले असेल आणि पंपाचे एकसिलिंडर डिझेल बसवायचे असेल तर ते कोणत्या बाजूने फिरते हे आधी तपासा. उलटे बसले तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला तीन अशी गंमत होते.

वेगाचा हिशेबही सोपा आहे. मागचे चाक एक मीटर व्यासाचे असेल तर एका फेऱ्यात ३.१४ मीटर. ताशी ३ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५० मीटर; पंधरा टक्के घसरण धरून चाक मिनिटाला १९ च्या आसपास फिरले पाहिजे. इंजिन १५०० फेऱ्यांचे असेल तर पट्टा, गिअर, धुरी मिळून ८० पट घट हवी. गिअरपेटीची घट चाक हाताने फिरवून मोजता येते. उरलेली पुलीच्या मापात काढा. पट्टे बी नंबरचे, एकाऐवजी दोन, आणि त्यांच्यावर पत्र्याचे झाकण. धोतर-लुगड्याला फिरता पट्टा ओळखत नाही.

नांगर लावताना उजवे मागचे चाक तासात चालते आणि ट्रॅक्टर कलतो, हे विसरू नये. म्हणून डाव्या चाकाखाली तासाच्या खोलीइतकी फळी ठेवून मगच नांगराचा खांब सरळ करावा. वीस सेंटिमीटरच्या नांगराला चाके जवळ पाहिजेत; लांब असली की नांगर एका अंगाला पडतो आणि स्टिअरिंग दिवसभर हाताशी भांडत राहते.

कोणते काम, कोणते नाही

आता सरळ सांगतो. हराळी-कुंद्याने भरलेले वावर, कित्येक वर्षे खोल न नांगरलेली जमीन, उन्हाळ्यात भेगा पडलेली कडक काळी: ही कामे या यंत्राची नाहीत. त्यासाठी भाड्याचा मोठा ट्रॅक्टरच लावा. हरभरा निघाल्यावर कोरड्या जमिनीत लहान ट्रॅक्टरचा फाळ शिरतच नाही, नुसता वरून घासत जातो. ओल्यात घातला तर काळी माती पंख्याला चिकटते आणि नांगर मातीचा गोळा ओढतो. त्याची वेळ एकच, वाफसा. सोयाबीन निघाले, जमिनीत ओल आहे, पाय टाकला तर माती चिकटत नाही आणि ढेकूळ मुठीत फुटते, त्या आठ-दहा दिवसांत दुसरी आडवी नांगरट करून घ्या. सुरू उसाच्या लागणीआधी जमीन तापायला, हवा खायला वेळ मिळतो.

एकरी चाल किती? वीस सेंटिमीटरच्या तासाने एका एकरात २० किलोमीटर चालावे लागते. वळणे धरून आठ-साडेआठ तास. मोठा ट्रॅक्टर हे काम फार लवकर उरकतो. पण भाड्याचा ट्रॅक्टर वाफशाला मिळत नाही, तो त्याच्या सवडीने येतो, ही आपली सर्वांची तक्रार आहे. दोन-तीन एकर ऊस असलेल्याला हे यंत्र परवडते ते एवढ्यासाठीच.

शिवाय वर्षभराचे खरे काम नांगरटीनंतर आहे. सरी पाडणे, बाळबांधणी, खोडव्याच्या बगला फोडणे. त्यासाठी टायरच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा आणि दोन्हीकडे वीतभर जागा सोडा. चार फुटी सरीत बहुतेक यंत्रे अडचणीने जातात, पाच फुटीत सुखाने. लागणीआधीच हे ठरवा, ऊस कमरेला आल्यावर नव्हे.

पैशाचे माझे मत असे. दुरुस्तीचा एकूण अंदाज आणि तुमच्या गावातले तीन वर्षांचे नांगरट, सरी, बांधणीचे भाडे समोरासमोर मांडा. अंदाज जास्त निघाला तर यंत्र भंगारात घाला, मन मोठे करा. कमी निघाला तर करा. अंदाज मेस्तरीकडून लेखी घ्या. नवा लहान ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा. त्यात वजनासह आणि वजनाशिवाय ओढ किती हे लिहिलेले असते. जाहिरातीतल्या अश्वशक्तीपेक्षा तो आकडा आपल्या कामाचा.

एक कायद्याची बाब. नोंदणी झालेल्या ट्रॅक्टरचे इंजिन बदलले तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आणि नोंद लागते. पेठवरून राष्ट्रीय महामार्ग जातो. वावरातून वावरात जाताना तो ओलांडावा लागणाऱ्यांनी मागे तांबडे परावर्तक लावावेत आणि अंधार पडल्यावर नांगर घेऊन रस्त्यावर चढू नये.

खोडव्याच्या बगला फोडायच्या अवजाराची मापे पुढील अंकात देत आहे.