जीप उंच केली, मग थरथरते का?

अमेरिकेतील युटा राज्यात मोआब नावाचे गाव आहे. त्याभोवतीच्या तांबड्या खडकांच्या उतारांवर, तसेच कॅलिफोर्नियातील रुबिकॉन या दगडधोंड्यांच्या वाटेवर जीपगाड्या नेण्याची हौस तिकडे मोठी आहे. अशा वाटेवर गाडीचे पोट खडकाला घासू नये म्हणून हौशी मंडळी गाडी उंच करून घेतात. मूळ स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा बसवल्या, की गाडी पाच, दहा, कधी पंधरा सेंटिमीटर वर जाते. खडकावर तिची ऐट वाढते. पण घरी परतताना डांबरी रस्त्यावर वेग ताशी ७०-८० किलोमीटर झाला, की तीच गाडी थरथरू लागते. पायाखालचा पत्रा गुणगुणतो, आरशातले चित्र धूसर होते. मालक टायरवाल्याकडे धाव घेतो. टायर तपासले जातात, चाके संतुलित केली जातात आणि थरथर मात्र तशीच राहते.

दोष कोठे आहे? तो शोधण्यासाठी यंत्रशाळेपेक्षा भूमितीच्या तासाची आठवण अधिक उपयोगी पडते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्प्रिंगा बदलून गाडी उंच केली, तरी चाकांचा आस मुळीच उंच होत नाही. आस जमिनीपासून टायरच्या त्रिज्येएवढ्या उंचीवर असतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत. स्प्रिंगांनी वर जाते ते गाडीचे धड, म्हणजे चौकट, इंजिन, गिअरबॉक्स आणि इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या आसांकडे वाटून देणारी ट्रान्स्फर केस. शक्ती देणारा वर गेला, घेणारा खालीच राहिला. या दोघांना जोडणारी फिरती नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. ती आता पूर्वीपेक्षा जास्त तिरपी झाली.

तिरप्या दांड्याने फिरकी पोहोचवायची, तर दोन्ही टोकांना वाकणारा सांधा हवा. इंग्रजी यू अक्षरासारखे दोन चिमटे, एकमेकांशी काटकोनात, आणि त्यांच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, अशी या युनिव्हर्सल जॉइंटची रचना असते. चिमट्याला योक म्हणतात आणि मधल्या तुकड्याला आपले मेकॅनिक ‘क्रॉस’ म्हणतात. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो यांचे नाव या सांध्याला चिकटले आहे. रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरील आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. स्प्रिंगेच्या ताणाचा नियम ज्यांच्या नावाने तुम्ही शिकता, ते हूक हेच. उंच केलेल्या जीपमध्ये लांब स्प्रिंगही त्यांचीच आणि कटकट करणारा सांधाही त्यांचाच, ही मोठी गंमत आहे.

या सांध्यात एक जन्मजात खोड आहे. एक दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरवला, तरी कोनात जोडलेला दुसरा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. एकूण फेरे सारखेच होतात, पण चाल हेलकाव्याची असते.

हे डोळ्यांनी पाहता येईल. पुठ्ठ्याची गोल तबकडी कापा आणि तिच्यावर ३०-३० अंशांवर बारा आरे काढा. तबकडीचा एक व्यास आडवा धरून ती त्या व्यासाभोवती ४५ अंशांनी मागे कलती करा. आता एक डोळा मिटून समोरून बघा. वर्तुळाचे लंबवर्तुळ दिसेल आणि आऱ्यांमधली अंतरे सारखी राहणार नाहीत. आडव्या व्यासापासून मोजले, तर पहिला कोन सुमारे २२ अंश, दुसरा २९ आणि तिसरा ३९ अंश दिसेल. तिघांची बेरीज ९० अंशच, पण वाटणी विषम. सांध्यातील क्रॉसचा एक दांडा एका पातळीत फिरतो आणि दुसरा तिच्याशी कललेल्या पातळीत, म्हणून तेथे हाच हिशेब लागतो. दिसणाऱ्या कोनाचा टॅन काढायचा, तर खऱ्या कोनाच्या टॅनला कलाच्या कोसाइनने गुणावे. आडव्या तबकडीच्या छायायंत्रावर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात, त्याचे गणितही याच जातीचे आहे. हूक यांच्या हे लक्षात आले होते.

आता आकडे घेऊ. सांध्याचा कोन ‘क’ असेल, तर दुसऱ्या दांड्याचा किमान वेग मूळ वेगाच्या कोसाइन क पट असतो आणि कमाल वेग १ भागिले कोसाइन क पट. समजा, ट्रान्स्फर केस आणि मागचा आस यांतील आडवे अंतर ५० सेंटिमीटर, उंचीतील फरक ७ सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांचे दांडे जमिनीला समांतर आहेत. शाफ्टचा कोन आला ८ अंश. किमान आणि कमाल वेगांतील तफावत सुमारे २ टक्के. एवढी कोणाला जाणवतही नाही. गाडी १० सेंटिमीटर उंच केली, तर उंचीतील फरक झाला १७ आणि कोन जवळजवळ १९ अंश. तफावत किती? जवळजवळ ११ टक्के! कोन सव्वादोन पटींपेक्षा थोडा जास्त वाढला, पण हेलकावा साडेपाच पटींच्या वर गेला. लहान कोनांसाठी हा हेलकावा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सारे दुखणे या वर्गात आहे.

हाच १० सेंटिमीटरचा उचल लांब गाडीला दिला, तर? शाफ्ट दीड मीटरचा असेल, तर कोन पावणेतीन अंशांवरून साडेसहा अंशांवर जाईल आणि फारसे काही बिघडणार नाही. म्हणून ही तक्रार आखूड गाड्यांत फार. १९९७ ते २००६ या काळातील ‘टीजे’ म्हणून ओळखली जाणारी जीप रँगलर हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. तिच्या दोन आसांमधले अंतर जेमतेम २.३७ मीटर. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांची लांबी वजा केली, की मागच्या शाफ्टला साधारण अर्धा मीटर जागा उरते.

मेकॅनिकच्या आधी कान

काही खोलण्यापूर्वी थरथर ऐकायची आणि मोजायची. हे काम चालकाशेजारी बसणाराही करू शकतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर सुरू झाली, की चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी (इंजिन मात्र बंद करू नये). इंजिनाचे फेरे उतरले तरी थरथर गाडीच्या वेगाबरोबर चालू राहिली, तर इंजिन निर्दोष सुटले. मग ती टायरची की शाफ्टची? टायरचा व्यास ७९ सेंटिमीटर धरा. परीघ झाला सुमारे २.४८ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला ९ फेरे. आसातील दात्यांचे प्रमाण ४.१ असेल, तर शाफ्टचे फेरे ३७. चाक असंतुलित असेल, तर सेकंदाला ९ हिसके बसतील. ते शरीराला गदगद हलवतात. शाफ्ट वाकला असेल, त्यावर चिखल वाळून बसला असेल किंवा त्याला डागलेले संतुलनाचे वजन गळून पडले असेल, तर ३७ कंपने होतील. आणि सांध्याच्या कोनाचा दोष असेल, तर फेऱ्याला दोन या हिशेबाने ७४. ही कंपने मोजता येत नाहीत, घुमणाऱ्या खर्जासारखी ऐकू येतात. आज मोबाइल फोनमधील प्रवेगमापकाने हे आकडे वाचता येतात; पण गदगद आणि गुणगुण यांतला फरक कानालाही कळतो.

दोन शाफ्टांपैकी दोषी कोणता, हे ठरवण्याची युक्ती सोपी आहे. वर सांगितलेल्या रँगलरमध्ये गाडी दोन चाकांवर चालत असतानाही पुढचा शाफ्ट फिरतच असतो. तो काढून ठेवून गाडी चालवून पाहावी. थरथर गेली, तर तो गुन्हेगार. राहिली, तर मागचा. मग गाडी उभी करून, चाकांना अटकाव लावून, सांधे हाताने हलवून बघावेत. टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतल्या सुयांचे वंगण संपून गंज चढला आहे असे समजावे. अशा क्रॉसवर पुढचे सगळे गणित करणे व्यर्थ. आधी तो बदलावा.

यानंतर कोन मोजायचे. त्याला महागडे साधन लागत नाही. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली नट लटकवला, की ओळंबा तयार. ट्रान्स्फर केसचा बाहेर येणारा दांडा, शाफ्ट आणि आसातील पिनियन (शाफ्टकडून फिरकी घेणारे लहान दातेचाक) या तिघांचा उतार त्याने मोजावा.

साध्या शाफ्टचा नियम असा, की पिनियनचा दांडा ट्रान्स्फर केसच्या दांड्याला समांतर हवा. मग दोन्ही सांध्यांचे कोन समान होतात, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असले, तर पहिल्या सांध्याने निर्माण केलेला हेलकावा दुसरा सांधा पुसून टाकतो. ही तोडही हूक यांनीच सुचवली होती. मधे सरकता जोड असलेला शाफ्ट खोलताना दोन्ही भागांवर आधी खूण करण्याची जुन्या कारागिरांची सवय यासाठीच. जोड एक-दोन दाते चुकवून बसवला, तर पुसण्याऐवजी भर पडते.

उंच गाडी दुरुस्त करताना पुष्कळजण येथे फसतात. शाफ्ट फार तिरपा दिसतो म्हणून आस थोडा वळवून पिनियनचे नाक वर करतात. पाट्यांच्या जीपमध्ये त्यासाठी पाट्याखाली लोखंडी पाचर घालतात. दिसायला सांधा सरळ होतो. पण समजा, वरचा कोन १५ अंश राहिला आणि खालचा ८ झाला. वरचा सांधा सुमारे ७ टक्के तफावत निर्माण करतो, खालचा २ टक्केच पुसतो. उरलेले ५ टक्के थेट पिनियनवर आदळतात.

बरे, दोन्ही कोन १५ ठेवले, तर सुटका होते का? पूर्ण नाही. पिनियन एकसारखे फिरेल, पण मधला शाफ्ट स्वतः हेलकावतच राहील. त्याला स्वतःचे वजन आहे, जडत्व आहे. सेकंदाला ७४ वेळा त्याला पुढे ढकलायचे आणि मागे ओढायचे, तर तो जोर दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर पडतो. समान कोनांनी आस वाचतो, शाफ्ट वाचत नाही. माझ्या मते हे एक वाक्य कळले, तर निम्मे गॅरेज कळले.

म्हणून मोठ्या कोनाला वेगळा इलाज लागतो. ट्रान्स्फर केसच्या टोकाला दोन सांधे पाठीला पाठ लावून बसवतात. मोठा कोन दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो आणि पहिल्याची चूक दुसरा तेथल्या तेथे निस्तरतो. शाफ्ट आता एकसारखा फिरतो. मात्र नियम उलटला! खालच्या सांध्याची चूक निस्तरायला कोणी उरले नाही. म्हणून तेथे कोन जवळजवळ नसावाच. आता पिनियनचे नाक शाफ्टच्या रोखाने वर करायचे, एक-दोन अंश कमी ठेवून. जोर लागला की पिनियन थोडे वर उचलले जाते, त्याची ही तरतूद. अगदी शून्य कोनही नको, कारण मग क्रॉसच्या सुया जागच्या जागी राहतात आणि तेथेच खड्डे पाडतात. स्वस्त उपाय म्हणजे ट्रान्स्फर केसखाली चकत्या घालून ती दोन-अडीच सेंटिमीटर खाली उतरवणे. कोन कमी होतो, पण पोट उंच करण्यासाठी केलेल्या खर्चातला काही भाग पाण्यात जातो.

पुढच्या आसाला आणखी एक अडचण आहे. तेथे पिनियन आणि चाके वळवणारे सांधे एकाच घरात पक्के बसलेले असतात. पिनियन वर फिरवले, की चाकांचा कॅस्टर कोन कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून ती सरळ जायला बघते. तो तिरपेपणा घालवला तर काय होईल, याचा विचार करा. थरथर गेली, पण गाडी रस्त्यावर भरकटू लागली, हा सौदा कोणी करू नये. तेथे थोडी थरथर सोसणे शहाणपणाचे, किंवा गाडी कमी उंच करणे.

हे सारे केवळ सुखासाठी नाही. थरथरता सांधा लवकर झिजतो आणि भर वेगात तुटतो. मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेणारी पोलादी नळी सुटली, तर तळाचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या फोडू शकते. पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले, तर गाडी उलटण्याचा धोका असतो.

आपल्याकडे जीप नवी नाही. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. भारतात मात्र मालकाने गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला धरून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. पण दोरा आणि नट लावलेला कोनमापक घेऊन गावातल्या गॅरेजमध्ये जायला आणि कारागिराच्या परवानगीने उभ्या ट्रकखालचे तीन कोन मोजायला कोणाची हरकत नसावी. ट्रकचा शाफ्ट बहुधा दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि मधे बेअरिंगचा आधार असतो. प्रत्येक सांध्याचा कोन वहीत मांडा आणि कोणता सांधा कोणाचा हेलकावा पुसतो, ते शोधून काढा.